पाळकसाहेबांचा पगार

मागच्या महिन्यात माझा पुतण्या घरी आला होता. बी.कॉम. झालेला मुलगा, दोन वर्षं एका फायनान्स कंपनीत वसुलीचं काम करत होता. चहा पिता पिता म्हणाला, "काका, नोकरी सोडली. पुण्याला धर्मशास्त्र शिकायला जातोय. पाळक व्हायचं ठरवलंय." आमच्या वहिनी शेजारीच बसल्या होत्या, त्या बशीकडे बघत राहिल्या. मग पुतण्या म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं पंचकमिटीत होतात. मंडळी कशी चालवायची, काहीतरी सांगा ना."

मला काही बोलता येईना. छत्तीस वर्षं वर्गात इतिहास आणि मराठी शिकवलं, कुठल्याही विषयावर तासभर बोलायची सवय, पण तेव्हा गप्प बसलो. "सांगतो सावकाश," म्हणून वेळ मारून नेली. ते सावकाश सांगणं म्हणजे हा लेख. त्याला वाचायला दिला आहेच, तुम्हीही वाचा.

इथे येणारे निम्मे वाचक ख्रिस्ती नाहीत, त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. कॅथलिकांचे असतात ते 'फादर', त्यांना प्रपंच नसतो. आम्हा प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्ती लोकांचा असतो तो 'पाळक'. त्याला बायको असते, मुलं असतात, मुलांची फी असते, किराणा दुकानदाराची उधारी असते. आणि 'मंडळी' म्हणजे एका चर्चला जमणारी कुटुंबं. (म्हणून मी लेखात "तर मंडळी" असं म्हणायचं टाळतो, नातेवाईकांना वाटतं वर्गणी मागतोय.) मंडळीचा कारभार पंच बघतात. खजिनदार त्यातलाच एक. मी अकरा वर्षं खजिनदार होतो.

पुतण्याला वाटतं पाळकाचं अवघड काम म्हणजे उपदेश. उपदेश जमतो हो, दोन-चार वर्षांत जमतो. अवघड असतं ते वेगळंच. चर्चची किल्ली कोणाच्या घरी राहील, नाताळच्या नाटकात कोणाच्या मुलीला मरीयेचं काम, कबरस्तानाच्या भिंतीला लागून कोणी टपरी टाकली तर तहसीलला कोण जाणार. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न असतो, जो कोणी मोठ्याने विचारत नाही. पाळकाला पोसायचं कोणी, आणि जो पोसतो त्याच्यापुढे पाळकाने किती वाकायचं? हा प्रश्न आमच्याकडे पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे.

सुरुवात अहमदनगरपासून करावी लागते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण जुन्या गोष्टीत जुनं नाव राहू द्या.) अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. मग वीस-बावीस वर्षं मंडळीचे पाळक गोरे मिशनरीच. १८५४ साली पहिल्यांदा दोन मराठी माणसांना पाळकपणाची दीक्षा मिळाली, हरिपंत रामचंद्र ख्रिस्ती, ज्यांचं मूळ आडनाव खिस्ती, आणि रामकृष्ण विनायक मोडक. दोघेही ब्राह्मण घरातले. पण त्यांच्यासमोर बाकांवर, खरं म्हणजे जमिनीवर, बसणारे बहुतेक खेड्यांतले महार आणि मांग. ज्या माणसाच्या सावलीपासून काल दूर राहायचं, तोच आज भाकर मोडून हातावर ठेवतो. दोन्ही बाजूंना ते किती जड गेलं असेल याचा विचार मी वर्गात शिकवताना कधी केला नव्हता. आता वय झाल्यावर करतो.

त्याच सुमारास, १८५४-५५ मध्ये, बोस्टनहून त्या मिशनचे मोठे सेक्रेटरी रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले होते. या माणसाचं एक ठाम मत होतं. परदेशी मिशनरी हा मांडव घालणारा. मांडव कायमचा राहत नाही. इथल्या मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः बघावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा, आपला धर्म स्वतः पसरवावा. लंडनला हेन्री व्हेन नावाचे दुसरे सेक्रेटरी साधारण हेच म्हणत होते. अँडरसनना इंग्रजी शाळाही फारशा पसंत नव्हत्या. इंग्रजी शिकलेला मुलगा सरकारी कचेरीत जातो, किंवा पाळक झालाच तर मोठा पगार मागतो, जो खेड्यातली मंडळी देऊ शकत नाही. त्यापेक्षा मराठीत शिकलेला, खेड्यात खेड्यासारखा राहणारा पाळक बरा. मी स्वतः मराठी माध्यमाचा बी.ए., त्यामुळे हे वाचून मला गुदगुल्या झाल्या हे कबूल करतो. पण एक गोष्ट साहेबांच्या हिशेबातून निसटली होती. खेड्यातला माणूस बाप्तिस्मा घेतो तेव्हा त्याचं बलुतं धोक्यात येतं. गावकीचं काम गेलं की सुगीला खळ्यावर मिळणारं धान्यही गेलं. म्हणजे पाळकाला पोसा असं ज्याला सांगायचं, त्याच्याच घरात दाणा उरलेला नसतो. मग वर्गणी द्यायची कोणी? मिशनच्या शाळेतले मास्तर, सुवार्तिक, दवाखान्यातले कंपाउंडर यांनी. त्यांचा पगार कुठून? मिशनकडून! म्हणजे बोस्टनचाच पैसा एक वळसा घालून पाळकाच्या हातात, आणि कागदावर मात्र मंडळी स्वावलंबी.

माझे वडीलही असेच मिशनच्या शाळेतले मास्तर होते. पगार झाला की दहावा हिस्सा पाकिटात घालून वेगळा ठेवत. त्यांच्या श्रद्धेवर शंका घेत नाही. पण खतावणीत ते पाकीट मला वेगळं दिसतं.

आता आपल्या मराठवाड्याकडे येतो, कारण मला खरं सांगायचं आहे ते जालन्याबद्दल. माझा जन्म जालन्याच्या मिशन दवाखान्यातला. परतूर तालुका १९८१ पर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यातच होता, नवा जालना जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेला. त्यामुळे जालना आम्हाला परकं कधीच नव्हतं. आणि जालन्याचा ख्रिस्ती इतिहास म्हणजे एका माणसाचं नाव, रेव्हरंड नारायण शेषाद्री.

शेषाद्री ब्राह्मण, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, इंग्रजी उत्तम. म्हणजे अँडरसन साहेबांना नको असलेला नेमका नमुना. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांकडे गेला होता. तो अजून लहान, म्हणून वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पण जातीत परत कसा घ्यायचा? त्यावरून मुंबईचे ब्राह्मण दुभंगले. आपले 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून उभे राहिले आणि स्वजातीयांचा रोष त्यांनी पत्करला. शाळेत बाळशास्त्रींवर टीप लिहायला सांगायचो तेव्हा हा मुद्दा मुलं नेहमी विसरायची. असो. सांगायचं ते हे की नारायणराव घर तोडून बाहेर पडले होते. आई-वडील, भाऊ, भाऊबंदकी सगळं मागे. अशा माणसाला पुढे जी मंडळी मिळते, तेच त्याचं घर होतं.

त्याच १८४३ मध्ये तिकडे स्कॉटलंडमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली होती आणि ती आपल्या प्रश्नाशी फार जवळची आहे. तिथल्या राष्ट्रीय चर्चमध्ये गावचा जमीनदार पाळक नेमायचा आणि मंडळीने तो मुकाट्याने घ्यायचा, अशी रीत होती. "आमचा पाळक आम्ही निवडू" या मागणीवरून वाद वाढत गेला आणि मे महिन्यात सुमारे साडेचारशे पाळक एकदम चर्चमधून बाहेर पडले. बाहेर पडले म्हणजे पगार सोडला, राहतं घर सोडलं, चर्चची इमारत सोडली. हीच 'फ्री चर्च'. मुंबईतले डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, तेही त्यांच्या बाजूने गेले. आता या साडेचारशे कुटुंबांनी खायचं काय? थॉमस चाल्मर्स नावाच्या त्यांच्या पुढाऱ्याने डोकं लढवलं. गरिबानेही आठवड्याला एक पेनी द्यावी, पैसा गावातल्या पाळकाच्या हातात न देता एका मध्यवर्ती निधीत जावा, आणि त्या निधीतून श्रीमंत शहरातल्या आणि गरीब डोंगरातल्या पाळकाला सारखाच वाटा मिळावा. यात गंमत अशी की पाळकाला आपल्या गावच्या धनवानाची भीती नाही, आणि गरीब मंडळीला आपण फुकटे आहोत ही लाज नाही. कारण पेनी तीही देतेच.

आमच्याकडेही पेनी होती. आई दळायला जोंधळे घेताना एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. रविवारी तो डबा चर्चमध्ये. पण आमच्या मुठीचा मध्यवर्ती निधी कधी झाला नाही. तो डबा पाळकाच्या घरी जायचा, आणि कोणाची मूठ केवढी हे पाळकीणबाईंना दिसायचं. कोणाला दिसलं हे ज्याने त्याने समजून घ्यायचं.

शेषाद्री या फ्री चर्चचे पाळक. त्यांची दीक्षाही १८५४ चीच. आधी इंदापूरकडे काम केलं आणि १८६० नंतर ते जालन्याला आले. तेव्हा इकडे निजामाचं राज्य, जालन्याला लष्कराची छावणी. मनमाडहून जालना, परभणी करत जाणारी रेल्वे यायला अजून चाळीस वर्षं होती. त्यांच्याकडे आले ते बहुतेक मातंग समाजातले लोक, आणि आले ते आपल्या अडचणी घेऊनच. गावची विहीर बंद, काम बंद, राहायला जागा नाही. अशा वेळी उपदेश करून भागत नाही. शेषाद्रींनी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडे जमीन मागितली. निजामाच्या मुलखात हीच रीत होती. देवळाला इनाम, दर्ग्याला इनाम, मठाला इनाम. ती जमीन मिळाली आणि जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांचं एक गाव वसलं. नाव ठेवलं बेथेल, म्हणजे देवाचं घर. बायबलमध्ये याकोब घर सोडून पळत असताना दगड उशाला घेऊन झोपतो, त्या जागेचं हे नाव. घर सुटलेल्या माणसाने हेच नाव निवडावं याचं मला नवल वाटत नाही.

बेथेलबद्दल लिहिणारे सगळे कौतुकाने लिहितात, आणि कौतुक करण्यासारखंच ते काम होतं. माणसाला उभं राहायला जमीन देणं यापेक्षा मोठं काय असतं? पण मी पंचकमिटीतला माणूस, माझं डोकं वेगळीकडे जातं. जमिनीचं दान पाळकाच्या नावे आलं. मग कोणाला कुठलं शेत, हे कोण ठरवणार? पाळक. शेजारच्याने बांध कोरला तर निवाडा? पाळक. सरकारशी बोलणं पाळकाने, परदेशातून पैसा आणणं पाळकाने. १८७३ साली शेषाद्री न्यूयॉर्कला जगभरच्या ख्रिस्ती परिषदेत बोलून आले, डोक्यावर आपली पगडी घालून, आणि अमेरिकेत त्याची मोठी चर्चा झाली. आणि रविवारी व्यासपीठावरून बोलणारा, प्रभुभोजन देणारा, चुकलेल्याला मंडळीबाहेर ठेवणाराही तोच पाळक. म्हणजे पाटील, सावकार, न्यायाधीश आणि गुरू एकाच पगडीखाली. ज्याने मला शेत दिलं, त्याच्या उपदेशाला मी "पटलं नाही" असं कसं म्हणणार? आणि ज्याला शेत मिळालं नाही, तो प्रार्थनेला यायचा बंद झाला, तर त्याची श्रद्धा उडाली की त्याचा राग आला, हे त्या पाळकाला तरी कसं कळणार?

शेषाद्रींना दोष द्यायचा नाही. दुसरा मार्ग दिसत नव्हता. पण जुन्या करारात एक जागा आहे, निर्गमच्या अठराव्या अध्यायात. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलेला असतो. त्याचा सासरा इथ्रो पाहुणा म्हणून येतो, हे बघतो आणि जावयाला सरळ सांगतो की अशाने तूही झिजशील आणि हे लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मला ही गोष्ट आवडते, कारण शहाणपण सांगणारा आतला कोणी नाही, बाहेरून आलेला सासरा आहे. जावयानेही ऐकलं, हे विशेष!

शेषाद्री १८९१ मध्ये वारले. असा माणूस गेल्यावर त्याच्या जागी बसणाऱ्याचे हाल विचारू नका. मायबाप गेल्यावर घरातली पोरं एकमेकांकडे बघतात, तसं होतं. नंतर शतकाच्या शेवटी दुष्काळ आले, १८९६-९७ चा आणि मग १८९९-१९०० चा, ज्याला आमची आजी 'छप्पन्नचा' म्हणायची. नगरकडच्या मिशनांत माणसं झुंडीने आली, अनाथ मुलं शेकड्यांनी आली. मंडळ्या फुगल्या, पाळक तेवढेच. दाणा वाटणारा हात आणि बाप्तिस्मा देणारा हात पुन्हा एकच.

हे सगळं ज्याला खुपलं असा एक माणूस आपल्या ओळखीचा आहे, कवी नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, नगरला अमेरिकन मिशनमध्ये काम केलं, 'ज्ञानोदय' संपादित केला. पैसा हातात ठरत नसे, हे लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या कोणालाही सांगायला नको. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना त्यात जागा. पाळक पगारी असला की लोक त्याला साहेबाचा माणूस समजतात, आपल्या मातीतला साधू समजत नाहीत, हे त्यांचं दुखणं मला पूर्ण पटतं. गंगाखेडच्या जनाबाईच्या मुलखात वाढलेल्याला तर पटणारच. आमच्याकडे कीर्तनकाराला बिदागी मिळते, पण त्याला नोकर कोणी म्हणत नाही. पण टिळक दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात गेले. दरबाराचं पुढे काय झालं असतं ते सांगता येत नाही. आणि पगार सोडणाऱ्या साधूच्या घरी तेल-मीठ कोण आणतं, हे विचारायचं झालं तर लक्ष्मीबाईंनाच विचारावं लागेल.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी एकेक करून परत गेले. पैसा आटत गेला. बंगले राहिले, कौलं फुटलेली, आणि त्या बंगल्यांच्या सातबाऱ्यावरून होणारी भांडणं राहिली. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चा एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाली. मी तेव्हा कॉलेजात होतो, आमच्या घरी त्या दिवशी गोड केलं होतं. पण त्यातही एक मेख होती. नगरकडच्या आणि जालन्याकडच्या मंडळ्यांना पाळक निवडण्यात आपला शब्द असण्याची सवय. नव्या रचनेत बिशप आले, आणि पाळकाच्या बदल्या आल्या. एखाद्या मंडळीला पाळक नको झाला की ती बिशपकडे अर्ज करायची, आणि पाळकाला मंडळी नको झाली की तोही बिशपकडे जायचा. समोरासमोर बसून बोलायचं कारणच उरलं नाही. झेडपीच्या शाळेत बदल्यांचं राजकारण जवळून पाहिलेल्या माझ्यासारख्याला ते फार ओळखीचं वाटलं.

आणि एक अडचण आहे, ती पुतण्याला पहिल्याच वर्षी भेटेल. १९५० साली राष्ट्रपतींचा जो आदेश निघाला, त्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती आधी फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती माणसाला आजही नाहीत. मराठवाड्यातल्या मंडळीत याचा अर्थ असा की पाळकाकडे एक रजिस्टर असतं, बाप्तिस्म्याचं, आणि शाळेत दुसरं असतं, ज्यात जातीचा रकाना असतो. शाळेतलं रजिस्टर माझ्या हातात होतं. रविवारी ज्या मुलाला मी शब्बाथशाळेत गोष्ट सांगायचो, त्याचाच बाप सोमवारी येऊन "हिंदू लिहा गुरुजी" म्हणायचा आणि माझ्याकडे न बघता उभा राहायचा. मी लिहायचो. बाप सांगेल ते लिहायचं, असा नियमही होता आणि सोयही. पण पाळकाने काय करावं? त्या मुलाचं नाव मंडळीच्या यादीत धरलं तर उद्या त्याची शिष्यवृत्ती अडचणीत, न धरलं तर तो आपला कोण? मी पाहिलेल्या चार पाळकांनी यावर चार वेगळ्या गोष्टी केल्या, आणि चौघांनाही लोकांनी नावं ठेवली.

आता माझ्या वहीकडे येतो. हे लिहायचं की नाही यावर आठ दिवस घालवले.

१९८६ ची गोष्ट. जिल्ह्यातलंच एक तालुक्याचं गाव, नाव नको. चौतीस कुटुंबांची मंडळी, मी खजिनदार. पाळकसाहेबांच्या पगाराचा मोठा भाग वरून यायचा, आणि मंडळीने दरमहा दीडशे रुपये द्यायचे असं ठरलेलं होतं. सुगीच्या सणाला लोक शेंगा, जोंधळे, कोंबडी, भोपळा असं आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी लिलावाचे अकराशे ऐंशी रुपये झाले होते. चर्चवर नवे पत्रे टाकायला ते ठेवले होते, पाळकसाहेबांच्या कपाटात. पत्रे आणायला निघालो तेव्हा सहाशे रुपये कमी भरले.

मी सभा बोलावली. सगळ्यांसमोर, बायकामुलांसमोर, उभा राहून विचारलं. शाळेत पोरांना विचारतो तसंच विचारलं असणार, दुसरा आवाज मला येत नाही. पाळकसाहेब म्हणाले, "हो, मी घेतले. दुकानदाराचं देणं होतं. पगारातून भरणार होतो." एवढंच. पुढे एक शब्द नाही. पाळकीणबाई शेवटच्या रांगेत होत्या, त्या उठून लहान मुलीला घेऊन बाहेर गेल्या. आठवड्याभरात सहाशे रुपये परत आले. शिवणयंत्र विकल्याचं नंतर कळलं. दीड महिन्यात त्यांनी बदली मागून घेतली.

हिशेब विचारायलाच हवा होता, हे मी आजही म्हणतो. मंडळीचा पैसा न सांगता घेणं चूकच. पण त्याच वहीत, समोरच्याच पानावर, माझ्याच अक्षरात दुसरी एक नोंद होती. मंडळीकडून पाळकसाहेबांना देणं बाकी, नऊ महिने, तेराशे पन्नास रुपये. ती मी दर महिन्याला पुढे ओढत होतो. दुष्काळी वर्ष आहे, लोकांकडे नाही, साहेब समजून घेतील, असं म्हणत. सभेत मी उजवं पान वाचलं. डावं पान वाचायला मला कोणी सांगितलं नाही, आणि पाळकसाहेबांनीही त्याचं नाव काढलं नाही.

ते गेल्यावर दोन वर्षं आम्हाला पाळक मिळाला नाही. महिन्यातून एकदा बाहेरगावचे पाळक यायचे. एक लग्न दोनदा पुढे ढकललं, कारण १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावायला परवाना असलेला पाळक लागतो आणि त्यांना तारीख जमेना. एका म्हाताऱ्या बाईची माती झाली तेव्हा पाऊस होता, कोणी पोचू शकलं नाही. प्रार्थना मीच केली. चौतीस कुटुंबांची सव्वीस झाली. काही पेंटेकोस्टलांकडे गेली, काही कुठेच गेली नाहीत. ते तेराशे पन्नास रुपये आम्ही १९८८ मध्ये मनिऑर्डरने पाठवले. पोच आली. कूपनवर त्यांनी फक्त 'सलाम' लिहिलं होतं.

काल पुतण्या पुन्हा आला. हा लेख त्याने मोबाईलवर वाचला होता. "वही आहे का अजून?" म्हणाला. ट्रंकेतून काढून दिली. वसुलीच्या कामातला मुलगा, आकड्यांवरून बोट फिरवत गेला. दोन्ही पानं बराच वेळ उघडी ठेवली. मग म्हणाला, "काका, ही वजाबाकी तुम्ही तेव्हाच का नाही केली? सातशे पन्नास तर तुम्हीच त्यांना देणं निघत होता."

मी चहाचे कप उचलून आत गेलो.